लॉक लावलेली अक्षरे

बेंगळूरच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही वस्ती होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या आधाराने वाढली असून तिच्या नावातील तीन रोमन अक्षरेही याच दोन रस्त्यांवरून आलेली आहेत. बेंगळूर विकास प्राधिकरणाने १९८०च्या दशकाच्या मध्यावर अगरा तळ्यालगतच्या या परिसरात सेक्टर पाडून निवासी भूखंडांची आखणी केली, तेव्हा शहरात संगणक-उद्योगाची नुकती सुरुवात होत होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ साली बेंगळूरमध्ये आपले केंद्र उघडले. त्याच वर्षी ऑल्डस कंपनीचे पेजमेकर हे पृष्ठरचनेचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ही वस्ती आज नवउद्योगांचे माहेरघर मानली जाते, आणि तेथील कार्यालयांतील संगणकांची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअरे यांच्यामधला सगळा व्यवहार सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, कोणी मुद्दाम लक्ष न घालताही महिन्या-दोन महिन्यांनी नवी होत राहते. मात्र ज्या मराठी अक्षरजुळणीच्या इतिहासात बेंगळूर शहराचा मोठा वाटा आहे, त्या व्यवसायात याच्या नेमके उलट चित्र दिसते. महाराष्ट्रातील कित्येक छपाईपूर्व कार्यालयांत २००१ साली आलेली विंडोज एक्सपी अजूनही रोज सकाळी सुरू केली जाते, आणि ती बंद करावी असे तेथे कोणालाही वाटत नाही.

या चिकाटीला अज्ञान किंवा कंजूषपणा म्हणणे हा त्या व्यवसायावर अन्याय होईल, कारण तिचे मूळ मराठी लिपीच्या आणि मराठी पुस्तकव्यवसायाच्या घडणीत आहे. शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे त्या काळात जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा कारागीर, एक फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा केसमधील आपापल्या घरांत टाकत असे, कारण छापखान्याजवळ खिळे मोजकेच असत आणि पुढच्या फर्म्यासाठी तेच वापरायचे असत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली की सर्व मजकूर पहिल्यापासून जुळवावा लागे आणि मुद्रिते पुन्हा तपासावी लागत. देवनागरीत हे काम विशेष जड होते. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या आणि रफार मिळून खिळ्यांचे नग शेकड्यांत जात, आणि ही संख्या आटोक्यात आणण्यासाठी लोकमान्य टिळकांसारख्या संपादकानेही विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ खटाटोप केला होता. डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले डीटीपी, आले तेव्हा त्याने मराठी प्रकाशकाला दिलेले सर्वांत मोठे आश्वासन सुबकतेचे किंवा वेगाचे नव्हते. एकदा जुळवलेला मजकूर पुन्हा कधीही जुळवावा लागणार नाही, हे ते आश्वासन होते. ज्या भाषेत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ही सर्वसाधारण गोष्ट असते आणि ती संपायला काही वर्षे जातात, त्या भाषेतील प्रकाशकाला या आश्वासनाचे मोल किती वाटले असेल याची कल्पना सहज करता येते. आजची अडचण या आश्वासनातूनच जन्मली आहे, कारण मजकूर जपला गेला खरा, पण ज्या कार्यप्रणालीवर तो जुळवला गेला तीही त्याच्याबरोबर जपावी लागली.

संगणकावर देवनागरी आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न कानपूरच्या आयआयटीत झाला आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली तो १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आला. जिस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तंत्रज्ञानाचे एक कार्ड संगणकात बसवले की डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीवर, जिच्यात काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांत आज्ञा लिहाव्या लागत, देवनागरीसह अनेक भारतीय लिप्या उमटू लागत. जिस्टमागचा विचार मूलभूत आणि दूरदृष्टीचा होता. त्यात अक्षराच्या आकाराला क्रमांक न देता वर्णाला क्रमांक दिलेला होता; म्हणजे ‘क’ला एक क्रमांक, वेलांटीला एक, हलन्ताला एक, आणि त्यांच्या संयोगातून दिसणारा आकार काढून देण्याचे काम यंत्राचे. याच विचाराचे इस्की हे प्रमाण भारतीय मानक संस्थेने १९९१ साली स्वीकारले, आणि पुढे जगभर रूढ झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीवरच आधारलेली आहे.

छपाईच्या व्यवसायाने मात्र दुसरी वाट धरली, आणि ती का धरली हे समजून घेणे अगत्याचे आहे. विंडोज आणि पेजमेकर यांना १९९०च्या दशकात देवनागरीचे काहीच ज्ञान नव्हते. त्यांच्या लेखी एका फॉन्टमध्ये, म्हणजे अक्षराकारांच्या संचात, २५६ घरे असत, त्यांतली सुरुवातीची काही यंत्राच्या आज्ञांसाठी राखीव, आणि उरलेल्यांत रोमन अक्षरे, अंक व चिन्हे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बेंगळूरच्या सायबरस्केप मल्टिमीडियाची आकृती आणि सी-डॅकचीच आयएसएम ही सॉफ्टवेअरे बनवणाऱ्या तंत्रज्ञांनी या घरांतली रोमन अक्षरे काढून तेथे देवनागरीचे तुकडे बसवले, जसे जुळाऱ्याच्या केसमध्ये खिळे बसवावेत तसे. संगणकाला आपण इंग्रजीच लिहीत आहोत असे वाटत राही आणि पडद्यावर व कागदावर मराठी उमटे. उत्तरेकडे आणि विदर्भात चाललेल्या कृतिदेव या फॉन्टचे उदाहरण घेतले तर त्यात ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांनी साठवला जातो. एच म्हणजे अर्धा ‘भ’, पहिला के त्याला पूर्ण करणारा दंड, दुसरा के काना, जे म्हणजे ‘र’ आणि आर म्हणजे ‘त’. फॉन्ट काढून घेतला की त्या जागी पाच निरर्थक रोमन अक्षरे उरतात.

दोनशेच्या आसपास घरांत देवनागरी कोंबण्याचे हे काम ज्यांनी केले त्यांच्या कौशल्याविषयी आदरच वाटायला हवा. अरुंद ‘र’साठी एक वेलांटी आणि रुंद ‘ष’साठी दुसरी, अनुस्वारासह रफार, मात्रेसह रफार, ‘द्ध’, ‘क्त’, ‘ह्म’ यांसारखी जोडाक्षरे, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ या शब्दांत येणारा खास मराठी अर्धा ‘र’ यांतले काय ठेवायचे आणि काय दोन तुकडे जोडून भागवायचे, हा निर्णय प्रत्येक कंपनीने आपापल्या बुद्धीने घेतला. परिणाम असा झाला की श्रीलिपीत ज्या घरात एक तुकडा बसला तेथे आकृतीत दुसराच बसला, आणि एका कार्यालयात जुळवलेला मजकूर दुसऱ्या कार्यालयात वाचता येईनासा झाला. केवळ मराठीपुरती ही स्थिती नव्हती. बेंगळूरमध्ये कन्नडसाठी हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा कर्नाटक सरकारने कन्नड गणक परिषदेच्या नुडी या सॉफ्टवेअरमागे उभे राहून फॉन्टमधील घरांची मांडणी एकसारखी करण्याचा यत्न केला, आणि शेषाद्रिवासू यांनी १९९८ साली कन्नडसाठी आणलेले बरह पुढे देवनागरीही लिहू लागले, त्याचा लाभ घरच्या संगणकावर लिहू पाहणाऱ्या मराठी माणसांनाही झाला. महाराष्ट्रात छपाईच्या फॉन्टांसाठी घरांची अशी सामाईक मांडणी रुजली नाही, आणि कन्नडची बाजू येथे निश्चितच सरस ठरते.

श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरांची चोरी होऊ नये म्हणून कंपन्यांनी त्यांना लॉक लावले. डीटीपीच्या दुकानात लॉक किंवा डोंगल म्हणतात ती काड्यापेटीएवढी प्लास्टिकची डबी असे; संगणकाच्या पाठीमागे छपाईयंत्रासाठी असलेल्या पंचवीस टाचण्यांच्या पॅरलल पोर्टमध्ये ती बसवायची आणि प्रिंटरची वायर तिच्या पाठीला जोडायची, अशी तिची रचना होती. डबीतील सांकेतिक क्रमांक जुळला तरच सॉफ्टवेअर सुरू होई. हा क्रमांक वाचण्यासाठी एक ड्रायव्हर, म्हणजे कार्यप्रणालीच्या अगदी आतल्या थरात राहून एखादे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागत असे आणि तो त्या त्या काळच्या विंडोजसाठी लिहिलेला असे. येथे एक साखळी तयार झाली, आणि जुनी कार्यप्रणाली आजवर का टिकली याचे खरे उत्तर या साखळीतच आहे. मजकूर वाचायचा तर तोच फॉन्ट हवा. त्या फॉन्टमध्ये दुरुस्ती करायची तर कळफलक चालवणारे तेच सॉफ्टवेअर हवे. सॉफ्टवेअर उघडायचे तर लॉक हवे. लॉक ओळखायचे तर तोच ड्रायव्हर आणि तोच पोर्ट हवा. आणि ड्रायव्हर चालायचा तर विंडोज ९८ किंवा एक्सपीच हवी.

साखळीची दुसरी बाजू पेजमेकर सांभाळत होते. ऑल्डस कंपनी १९९४ साली अडोबीत विलीन झाली, पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली आणि त्यानंतर अडोबीने आपले सारे बळ इनडिझाइन या आपल्या दुसऱ्या पृष्ठरचनेच्या सॉफ्टवेअरकडे वळवले. पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही, पण ते हलके होते, कमी क्षमतेच्या संगणकावर धावत असे, आणि मराठी ऑपरेटरांच्या हातांना त्याचे सारे शॉर्टकट पाठ होते. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडू शकत, नंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय गेली. आणि उघडल्या तरी आतला मजकूर जुन्याच फॉन्टला बांधलेला असल्याने फारसे काही साधत नसे. पोस्टस्क्रिप्ट टाइप वन या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांचा आधारही अडोबीने २०२३ साली काढून घेतला.

विंडोज एक्सपीत देवनागरी युनिकोडची सोय होती, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदवली पाहिजे. विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने ती दिली होती आणि मंगल हा फॉन्टही सोबत होता. परंतु एक्सपीत ती आपोआप बसत नसे, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या पर्यायावर खूण करावी लागे, मग यंत्र मूळ सीडी मागे, आणि ती सीडी बहुतेकांजवळ नसे. युनिकोड घराच्या उंबरठ्यापर्यंत आले आणि बराच काळ तेथेच थांबले. दरम्यान १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारखे प्रकल्प युनिकोडमध्ये वाढत गेले, तर पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके जुन्या फॉन्टांत निघत राहिली. एकच भाषा दोन ठिकाणी दोन पद्धतींनी साठवली जाऊ लागली आणि एकीकडचा मजकूर दुसरीकडे शोधता येईना.

मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार थांबवला, म्हणजे तिच्यातील सुरक्षेच्या उणिवा बुजवणाऱ्या दुरुस्त्या देणे बंद केले. धोका सर्वांत उघड होता तो बँकांच्या एटीएम यंत्रांना, कारण भारतातील पुष्कळशी एटीएम यंत्रे आतून एक्सपीवरच चालत होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सावध केले आणि जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून टप्पे ठरवून दिले: त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत एक चतुर्थांश, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनअखेर सर्व यंत्रे आधार चालू असलेल्या कार्यप्रणालीवर न्यावीत. जगात इतरत्रही जुन्या प्रणालींचे असेच हिशेब चुकते होत होते. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर नोव्हेंबर २०१५ मध्ये हवामानाची माहिती देणारी विंडोज ३.१वरील यंत्रणा बंद पडून विमाने खोळंबली, आणि अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाने आठ इंची फ्लॉपी २०१९ साली सोडल्याचे जाहीर झाले. या साऱ्या ठिकाणी जुनेपणा यंत्राचा होता आणि यंत्र बदलल्यावर तो संपत होता. मराठी अक्षरजुळणीत मात्र जुनेपणा मजकुराच्या अंगात मुरलेला आहे, यंत्र बदलल्याने मजकूर बदलत नाही, आणि मुदत घालून देणारी रिझर्व्ह बँकेसारखी एखादी अधिकारी संस्थाही या क्षेत्रात नाही.

तरीही यंत्रे बदलत गेलीच. मदरबोर्डवरून पॅरलल पोर्ट नाहीसा झाला. ६४-बिट विंडोज आली, जिच्यावर डॉसच्या आणि विंडोज ३.१च्या काळातील १६-बिट प्रोग्रॅम मुळीच चालत नाहीत आणि ३२-बिट ड्रायव्हरही बसत नाहीत. आणि २०२१च्या विंडोज ११पासून ३२-बिट आवृत्ती निघणेच थांबले. म्हणून जुने संगणक दुरुस्त करत राहणे हा छपाईपूर्व व्यवसायाचा एक भाग होऊन बसला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळूरचा एसपी रोड यांसारख्या बाजारांत जुने मदरबोर्ड, आयडीई हार्ड डिस्क आणि रॅमच्या पट्ट्या शोधल्या जातात. अशा यंत्राजवळ काही वेळ बसले तर त्याची दिनचर्या लक्षात येते: मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी उतरली असली की दर सकाळी त्याची तारीख वीसेक वर्षे मागे गेलेली असते आणि ऑपरेटर ती आधी दुरुस्त करतो, कारण फाइलींची क्रमवारी तारखेवर अवलंबून असते, इंटरनेटची वायर मुद्दाम काढून ठेवलेली असते, मजकूर पेन ड्राइव्हने आत येतो आणि पीडीएफ होऊन पेन ड्राइव्हनेच बाहेर जातो, आणि मागच्या बाजूच्या लॉकला धक्का लागू नये म्हणून यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेले असते. ते लॉक निकामी झाले तर त्यामागची शेकडो पुस्तके एका क्षणात मुकी होतील, ही भीती त्या वीतभर अंतरामागे आहे, आणि ती अगदी रास्त आहे.

या बंधनातून सुटण्याच्या वाटा काढल्या गेल्या आहेत. सायबरस्केपने आकृतीचे काही भारतीय फॉन्ट मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले, हे बेंगळूरमधील एका व्यापारी कंपनीने उचललेले मोठे पाऊल होते. संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनेच दुसरा, काल्पनिक संगणक उभा करून त्यात एक्सपी चालवण्याची रीतही रूढ झाली, मात्र पॅरलल पोर्टचे लॉक त्या काल्पनिक यंत्राला दाखवणे जिकिरीचे असते. श्रीलिपी आणि आयएसएम यांच्या पुढच्या आवृत्त्यांनी युनिकोड स्वीकारले आणि जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये मजकूर नेणारे परिवर्तक, म्हणजे कन्व्हर्टर, उपलब्ध झाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी देवनागरी वर्णमाला व वर्णलेखनाचे प्रमाणीकरण करणारा शासन निर्णय काढला, त्यानेही फॉन्ट बनवणाऱ्यांना निश्चित आधार मिळाला.

परिवर्तनाचे काम वरवर पाहता एका तुकड्याच्या जागी दुसरा ठेवण्याचे वाटते, पण तसे ते नाही. जुन्या फॉन्टांत मजकूर दिसेल तसा, डावीकडून उजवीकडे साठवलेला असतो. ‘किल्ला’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी येते आणि मग ‘क’, ‘मार्ग’मध्ये रफार ‘ग’नंतर येतो. युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवायचा असल्याने परिवर्तकाला वेलांटी उचलून ‘क’च्या नंतर आणि रफार उचलून ‘ग’च्या आधी न्यावा लागतो, आणि ‘स्थिती’, ‘मूर्ती’ अशा शब्दांत अशी हलवाहलव अधिक गुंतागुंतीची होते. सर्वांत बिकट प्रश्न पुन्हा मराठीचाच आहे. ‘दुसऱ्या’तील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या काही परिवर्तकांना तर हे अक्षर ठाऊकच नसते, आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. ‘वाऱ्या’ आणि ‘वार्या’ यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो, यंत्राला तो शिकवावा लागतो.

यामुळे ज्या प्रकाशनसंस्थांनी जुन्या फाइली युनिकोडमध्ये नेण्याचे काम मनावर घेतले आहे, त्यांना एक्सपीचे यंत्र अखेरपर्यंत चालू ठेवावे लागते, कारण मूळ अक्षर कोणते होते याचा तेच एकमेव विश्वासार्ह साक्षीदार आहे. पानाची एक छापील प्रत त्या यंत्रावरून काढली जाते आणि एक नव्या यंत्रावरून. दोन्ही एकमेकींशेजारी ठेवून मुद्रितशोधक ओळीखाली पट्टी सरकवत वाचत जातो, आणि त्याची पेन्सिल प्रथम थांबते ती ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ आणि ‘पायऱ्या’ यांच्यावर.